कानशिलाखालचा सांधा

हिंगोलीकडे डोकं दुखण्याची कारणं ठरलेली आहेत. ऊन लागलं, पित्त झालं, चष्म्याचा नंबर वाढला, नाहीतर कुणाची तरी दृष्ट लागली. उन्हावर कांदा, पित्तावर मोरावळा, नंबरासाठी डोळ्यांचे डॉक्टर आणि दृष्टीसाठी मीठ-मोहऱ्या. एवढं करूनही ठणका थांबला नाही तर मेडिकलवरची गोळी, आणि ती लागू पडेनाशी झाली की तिच्याहून जबर गोळी. या यादीत जबड्याचं नाव कुठेच नसतं. पण ज्याचं डोकं दुखतंय त्याला ‘नेमकं कुठं?’ असं विचारून बघा. बऱ्याच जणांचा हात आपोआप कानशिलावर जातो. तिथे कातडीखाली पसरलेला स्नायू मात्र डोकं हलवत नाही, तो जबडा उचलतो. कानाच्या थोडं वर-पुढे दोन बोटं टेकवा आणि दाढा घट्ट आवळा. बोटांखाली टणक होऊन वर येतो तो हा स्नायू. क्षणभर दाबून धरा, मग सोडा. ज्यांना महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस डोकं बांधून वावरावं लागतं, त्यांतल्या काहींना एवढं केलं की ओळखीची कळ येते.

‘कानशील’ या आपल्या शब्दात कान आहे, आणि कानाशेजारची जागा म्हणूनच आपण ती ओळखतो. जबड्याचा सांधाही त्याच शेजारात, कानाच्या भोकापुढे बोटभर अंतरावर. त्यामुळे तो बिघडला की माणूस कधी कानाच्या डॉक्टरकडे जातो, कधी दातांच्या, तर कधी थेट मेंदूच्या. प्रत्येक जण आपापल्या खिडकीतून बघतो. हा सांधा आणि जुनाट डोकेदुखी यांचं खरं नातं काय, या प्रश्नावर गेली नव्वद वर्षं वाद झाला तो मुख्यतः या खिडक्यांचा.

आधी सांध्याची रचना बघू. बोटाच्या पेराचा सांधा बिजागरीसारखा फक्त उघड-मीट करतो. जबड्याचा सांधा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि तोंड आणखी उघडलं की खाचेतून पुढे सरकतो. हाडांच्या मध्ये एक लवचीक चकती असते, ती सोबत सरकते. आणि एकाच हाडाच्या दोन टोकांना असे दोन सांधे असल्यामुळे एकाला दुसऱ्याशिवाय हलताच येत नाही. जू एक आणि बैल दोन. एक लंगडायला लागला की ओढ दुसऱ्यावर येते. वर ओढणारे मुख्य स्नायू म्हणजे कानशिलावरचा टेम्पोरॅलिस आणि गालफडातला मॅसेटर. रागावलेला माणूस काही न बोलता बसला की त्याच्या गालावर जे हलताना दिसतं, तो मॅसेटर.

चकती जागेवरून थोडी पुढे घसरली आणि तोंड उघडताना परत जागेवर आली, तर ‘टक्’ असा आवाज येतो. माझा स्वतःचा उजवा सांधा गेली पंधरा-वीस वर्षं वाजतो. जांभई दिली की शेजारच्याला ऐकू जातं. दुखत नाही, अडकत नाही. म्हणून मी त्यावर एक रुपयाही खर्च केलेला नाही, आणि आजचं दंतशास्त्रही तेच सांगतं: नुसता आवाज हा आजार धरायचा नाही. दुखतं का, तोंड अडकतं का, एवढंच बघायचं. स्वतःची तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये मावत असतील तर तोंड साधारण नीट उघडतं असं समजायला हरकत नाही. मोठ्या माणसात ते चाळीस मिलिमीटरच्या वर भरतं.

डोकं आणि जबडा एकत्र दुखू शकतात, हे निरीक्षण जुनं आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ११ शिरोरोग सांगितले आहेत. त्यांतल्या ‘अनंतवात’ नावाच्या रोगात वेदना मानेच्या मागून निघून डोळे, भुवया आणि शंखप्रदेश, म्हणजे कानशिलं, इथे ठाण मांडते, गालाच्या बाजूला कंप येतो आणि हनुग्रह होतो, म्हणजे जबडा धरतो. हल्लीचे वैद्य अनंतवाताची सांगड बहुतेक वेळा ट्रायजेमिनल न्यूराल्जियाशी, म्हणजे चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या दुखण्याशी, घालतात. सगळं आपल्याकडे आधीच होतं, असं म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. मान, कानशील आणि जबडा हे तिन्ही एकाच दुखण्याच्या वर्णनात कुणीतरी एकत्र बघितले होते, एवढंच त्यातून घ्यायचं. हेच त्रिकूट पुढे मज्जाशास्त्रात भेटणार आहे.

आधुनिक वादाची सुरुवात मात्र १९३४ सालची. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी ११ रुग्णांवर एक लेख लिहिला. कान गच्च होणं, कानात आवाज, चक्कर, डोकेदुखी, घशात जळजळ. आणि बहुतेकांच्या दाढा पडलेल्या. कॉस्टेननी निष्कर्ष काढला की दाढांचा आधार गेल्यामुळे जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, सांध्याचं टोक मागे दबतं आणि तिथल्या नसांवर दाब येतो. उपायही सरळ होता, चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसतात ती पातळी, उंच करायचा. दंतवैद्यांना हे फार आवडलं, कारण डोकेदुखीचा इलाज त्यांच्या खुर्चीवर आला होता. १९४८ मध्ये हॅरी सिशर या शरीररचनातज्ज्ञाने दाखवून दिलं की कॉस्टेन म्हणतात तिथे त्या नसा दबणं शरीराच्या रचनेत बसतच नाही. सिद्धांत पडला, पण त्यातून निघालेला धंदा पडला नाही. ‘चावा जुळत नाही म्हणून डोकं दुखतं’ हे वाक्य आजही दवाखान्यांत ऐकू येतं, आणि त्यावर चांगले दात घासून बारीक केले जातात, किंवा एकदम डझनभर कॅप बसवल्या जातात. चाव्याचा आणि या दुखण्याचा संबंध असलाच तर फार थोडा, असं गेल्या काही दशकांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा निघालं आहे.

पन्नाशीच्या दशकात लक्ष हाडावरून स्नायूंकडे गेलं. १९६९ मध्ये डॅनियल लास्किन यांनी मांडलं की मनावरचा ताण माणूस जबड्यात साठवतो, स्नायू थकतात, आखडतात आणि दुखतात. मराठीला हे सांगायला संशोधक कशाला हवा होता? दात-ओठ खाणं, दात खाऊन दिवस काढणं, कानशिलं तापणं, दातखीळ बसणं हे सगळं आपल्या बोलण्यात होतंच. तरी लास्किन यांचं सांगणंही अर्धंच ठरलं. ताण हे एक कारण आहे, एकमेव नाही. आणि ‘ताणामुळे होतंय’ असं एकदा डॉक्टरने म्हटलं की घरचे लोक त्याचा अर्थ ‘मनाचे खेळ’ असा लावतात. विशेषतः बाईचं डोकं असेल तर.

खरा दुवा सापडला तो मज्जातंतूंत. चेहऱ्याची संवेदना वाहणारा पाचवा मज्जातंतू, ट्रायजेमिनल, तीन फाट्यांत विभागलेला असतो. पहिला फाटा कपाळाकडे जातो आणि मेंदूच्या आवरणांनाही फांद्या देतो. अर्धशिशीतली वेदना मुख्यतः या वाटेने येते. तिसरा फाटा जबड्याचा सांधा, दाढा आणि चावण्याच्या स्नायूंचा. हे फाटे बाहेर वेगळे असले तरी मेंदूच्या देठात ते एकाच केंद्रात उतरतात, आणि मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंचे धागेही तिथेच येऊन मिळतात. हिंगोलीकरांना हे सिद्धेश्वर धरणावरून समजेल. पूर्णेवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. सिद्धेश्वरच्या पाण्यात येलदरीतून सोडलेलं किती आणि आसपासच्या ओढ्यांचं किती, हे खालच्या कालव्यावर उभं राहून कुणाला सांगता येणार? मेंदूला तसंच होतं. दाढेकडून आलेली वेदना त्याला कानशिलाची वाटते, मानेची कपाळाची वाटते. शिवाय पाणी महिनोन् महिने वाहत राहिलं की केंद्रातले पेशीसमूहच हळवे होतात. मग पूर्वी जाणवतही नसलेला साधा स्पर्श, भाकरी चावणं, उशीवर कानशील टेकणं, यांनीही कळ उठते. जुनाट दुखणं एकदा या टप्प्यावर आलं की फक्त सांधा दुरुस्त करून ते जात नाही, हे त्यामागचं एक कारण.

मग जबड्यामुळे डोकं दुखतं की डोक्यामुळे जबडा? अमेरिकेत २००६ पासून चाललेल्या ‘ऑपेरा’ नावाच्या मोठ्या अभ्यासाने यावर बऱ्यापैकी प्रकाश टाकला. जबड्याचं दुखणं नसलेली हजारो माणसं निवडून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांच्यात दर वर्षी शंभरातल्या सुमारे चौघांना जबड्याचं दुखणं नव्याने सुरू झालं. ज्यांना आधीपासून अर्धशिशी होती त्यांना ते होण्याची शक्यता जास्त निघाली, आणि ज्यांना ते झालं त्यांची डोकेदुखी त्या काळात वाढत गेलेली दिसली. म्हणजे वाट दोन्ही बाजूंनी चालू आहे. २०१३ साली ब्राझीलमधल्या एका चाचणीत अर्धशिशी आणि जबड्याचं दुखणं दोन्ही असलेल्या बायकांना काहींना अर्धशिशीचं औषध, काहींना दातांवरची पट्टी, काहींना दोन्ही असं दिलं. फरक पडला तो दोन्ही दिलेल्या गटात. मला या सगळ्या साहित्यातला हा सर्वांत कामाचा धडा वाटतो. एका डॉक्टरने फक्त डोकं आणि दुसऱ्याने फक्त जबडा बघितला, की रुग्ण दोघांकडेही अर्धाच बरा होतो.

या नात्याला अधिकृत नावही आहे. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात ११.७ क्रमांकावर ‘जबड्याच्या सांध्याच्या विकारामुळे होणारी डोकेदुखी’ अशी स्वतंत्र नोंद आहे. २०१४ च्या दंतवैद्यकीय निकषांत ती ओळखायची रीतही सांगितली आहे. दुखणं कानशिलात हवं. तोंड उघडण्याने, चावण्याने, दात आवळण्याने ते कमी-जास्त व्हायला हवं. आणि डॉक्टरने कानशिलाचा स्नायू दाबल्यावर किंवा तोंड पूर्ण उघडायला लावल्यावर रुग्णाने ‘हेच ते, माझं नेहमीचं दुखणं’ असं म्हणायला हवं. शेवटची अट महत्त्वाची. जोरात दाबलं तर कुणालाही दुखेल. दुखणं ओळखीचं असेल तरच ते मोजायचं. यात कुठेही सीटी स्कॅन नाही, एमआरआय नाही. बोट, मोजपट्टी आणि दोन-चार प्रश्न. निदान करणाऱ्याला शिकवलेलं मात्र असावं लागतं.

आता जिल्ह्याकडे वळू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा पाच तालुक्यांचा: हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव, औंढा नागनाथ. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, त्यातली पंच्याऐंशी टक्के खेड्यांत. शेजारच्या कर्नाटकात बेंगळुरू शहर आणि भोवतालच्या खेड्यांतल्या २,३२९ प्रौढांची घरोघरी जाऊन पाहणी झाली होती, तिचे आकडे २०१५ मध्ये छापले गेले. वर्षभरात डोकं दुखलं असं सांगणारे ६३.९ टक्के, आणि महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस दुखतं असं सांगणारे ३ टक्के. तेच प्रमाण इथे धरलं तर जिल्ह्यातल्या प्रौढांमध्ये महिन्यातले निम्मे दिवस डोकं धरून बसणारे वीस हजारांच्या आसपास निघतात. हे गणित अंदाजाचं आहे, पण एखाद्या लहानशा गावात अशी पंधरा-वीस माणसं असतील, हे कुठल्याही आशाताईला पटेल.

त्या सगळ्यांचा जबडा बिघडलेला नसतो. बहुतेकांना अर्धशिशी असते किंवा ताणाची डोकेदुखी. ‘पित्ताचं डोकं’ म्हणून इकडे जे सांगतात, त्यात डोकं एका बाजूने ठणकतं, मळमळतं, उजेड नको वाटतो आणि उलटी झाली की बरं वाटतं. हे अर्धशिशीचं जवळजवळ पाठ्यपुस्तकातलं वर्णन आहे. उलटी हा अर्धशिशीचाच भाग. पोटाला त्यात दोष देण्याचं कारण नाही. उन्हाचंही तसंच. फेब्रुवारी-मार्चपासून वसमत, कळमनुरीकडे हळद काढायची, शिजवायची, वाळत घालायची धांदल सुरू होते. भर उन्हात कढईची वाफ अंगावर घेत काम, पाणी कमी, जेवणाची वेळ चुकलेली, रात्रीची झोप मोडलेली. ज्याला अर्धशिशी आहे त्याला यांतलं एकेक कारण पुरतं. त्यात वजन उचलताना माणूस दात आवळतोच. पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाचा जबडा कधी बघा.

जबड्याचा वाटा ओळखायचा तर दिवसभराच्या सवयी विचाराव्या लागतात. चावणं-गिळणं धरून दिवसाकाठी दात दातांना लागतात ते जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, असं जुनं मापन आहे. बाकी वेळ ओठ मिटलेले असले तरी दातांत दोन-तीन मिलिमीटरची फट असायला हवी. ज्यांची ती नसते ते नकळत तासन् तास स्नायू आवळून बसतात: मोबाइल बघताना, मोटारसायकलवर, सुई ओवताना, हिशेब करताना. रात्री झोपेत करकर दात खाण्याला मात्र जरुरीपेक्षा जास्त दोष दिला जातो. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये जबडा दुखणाऱ्या १२४ बायकांना झोपेच्या प्रयोगशाळेत तपासलं, तर त्या न दुखणाऱ्यांपेक्षा जास्त दात खात नव्हत्या. आपल्याकडे दात खाणाऱ्या पोराला जंत झाले असं म्हणतात. जंताची गोळी १० फेब्रुवारीच्या मोहिमेत शाळेत मिळते, ती जरूर द्यावी, पण जंतांसाठी. दात खाणं तिने थांबेल अशी आशा धरू नये.

आणि मग सुपारी. इथे थोडं थांबावं लागेल, कारण हिंगोलीतल्या जबड्यांचा प्रश्न परदेशी पुस्तकांतल्या जबड्यांपेक्षा इथे वेगळा होतो. गुटख्याची पुडी किंवा यवतमाळच्या बाजूचा खर्रा गालात धरून दिवसभर चघळणाऱ्याचे स्नायू एक तर अतिश्रमाने दुखतात. त्याहून मोठा धोका गालाच्या आतल्या अस्तराला. सुपारीतल्या द्रव्यांनी ते अस्तर पांढुरकं, जाड आणि ताठ होत जातं, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड उघडेनासं होतं. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांत हा विकार नोंदवला गेला. १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन करून ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे आज रूढ असलेलं नाव दिलं. तो कर्करोगाची पायरी ठरू शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर उभं राहिलं की बंदीचं वय आणि तब्येत दोन्ही कळतात. सांगायचा मुद्दा हा की तोंड तीन बोटं उघडत नाही आणि कानशिलं दुखतात असं म्हणणारा पंचविशीतला मुलगा समोर आला, तर सांध्याचा एक्स-रे काढण्याआधी त्याच्या गालाच्या आत टॉर्च मारून बघावा. सांध्याची चकती अडकली असेल तर व्यायामाने चालेल. अस्तर ताठलं असेल तर पुडी त्याच दिवशी सुटायला हवी आणि तपासणी कायम चालू राहायला हवी. हळदीच्या जिल्ह्यात असल्यामुळे हेही सांगतो, की या विकारावर हळदीतल्या कर्क्युमिनचे प्रयोग भारतात बरेच झाले आहेत आणि काहींत तोंड थोडं जास्त उघडल्याचं दिसलं. पण ते प्रयोग लहान आहेत. वसमतच्या हळदीचा भाव त्यावर ठरवू नये, आणि एका हाताने हळद व दुसऱ्या हाताने पुडी असंही चालत नाही.

दुसरा इथला प्रश्न गोळ्यांचा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले पंधरा किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ चाललं, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. या प्रकारालाही वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे. सकाळी उठल्या उठल्या डोकं जड, चहाबरोबर गोळी, दुपारपर्यंत बरं, संध्याकाळी परत. ज्या बाईला शेतावर जायचं आहे तिला गोळी घेऊ नको म्हणणं सोपं नाही. ती हौसेने घेत नसते. मला या सगळ्या साखळीत सर्वांत जास्त राग येतो तो डोकं दुखतंय म्हटल्यावर काहीही न विचारता ‘सुई’ मारून पन्नास-शंभर रुपये घेणाऱ्या दवाखान्यांचा. दोन तास बरं वाटतं, विचारायचे प्रश्न विचारायचेच राहतात, आणि पुढच्या आठवड्यात ती बाई पुन्हा त्याच बाकावर असते.

उपचारांचा आढावा घ्यायला आता एक चांगलं साधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश नियतकालिकाने जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शिका छापली. तिच्यासाठी वेगवेगळे ५९ उपाय तराजूत घालून बघितले होते. ठामपणे शिफारस झाली ती कशाची? तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि मान-खांद्यांच्या ठेवणीचे व्यायाम, हाताने सांधा मोकळा करणं, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी दाबून सैल करणं, विचार-वर्तनाच्या पद्धतीने दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकणं, आणि नेहमीची काळजी, म्हणजे समजावून सांगणं, धीर देणं, घरी करायचे व्यायाम. दातांवर बसवायची काढघालीची पट्टी, बोटॉक्स, लेझर, सांध्यात इंजेक्शन, सांधा धुणं यांबाबत शिफारस सौम्यपणे विरोधी आहे. कायमचा बदल घडवणाऱ्या पट्ट्या आणि चकती काढून टाकण्याची शस्त्रक्रिया यांना तर स्पष्ट नकार. सगळे दंतवैद्य पट्टीबाबतच्या मताशी सहमत नाहीत, आणि ब्राझीलच्या त्या चाचणीत पट्टीनेच औषधाला हातभार लावला होता. माझं मत असं, की दात झिजत असतील तर पट्टी दातांसाठी घ्यावी. डोकेदुखीचा एकमेव इलाज म्हणून कुणी ती हजारो रुपयांना विकत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला विचारावं. बोटॉक्सबाबत एक खुलासा हवा. जुनाट अर्धशिशीसाठी त्याला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली आहे आणि त्यात कानशिलावरही टोचतात. तो वेगळा विषय, वेगळा रुग्ण.

घाई केली की काय होतं याचं उदाहरण अमेरिकेनेच दाखवलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात ‘व्हायटेक’ कंपनीचे टेफ्लॉनचा लेप असलेले कृत्रिम भाग हजारो रुग्णांच्या जबड्यांत बसवले गेले. ते झिजले, त्यांच्या कणांनी आसपासचं हाड खाल्लं, आणि १९९० च्या सुमारास सरकारला ते बाजारातून काढायला लावावं लागलं. डोकेदुखीसाठी म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या कित्येकांना आयुष्यभराचं दुखणं लागलं. मोठ्या शहरात, भरपूर यंत्रं आणि भरपूर तज्ज्ञ असलेल्या जागी हा धोका जास्त असतो. खेड्यातल्या माणसाला त्यापासून गरिबीने वाचवलं, असं म्हणायला जीभ वळत नाही, पण या एका दुखण्यात ते काही अंशी खरं आहे.

म्हणूनच मला वाटतं, हिंगोलीला या बाबतीत यंत्रांची उणीव नाही, विचारणाऱ्याची आहे. शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला, वैद्यकीय महाविद्यालयासाठी पूर्वी नांदेड गाठावं लागे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांत हिंगोलीचंही आहे. तिथे मज्जाविकारतज्ज्ञ कधी येतील ते येतील. तोवर डोकेदुखीच्या केसपेपरवर तीन ओळी वाढवायला काय लागतं? चावताना वाढतं का. कानशील दाबलं तर तेच दुखणं येतं का. महिन्याला किती गोळ्या. ग्रामीण रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टला चार व्यायाम माहीत असतील तर पुढचं निम्मं काम तिथेच होतं.

ते व्यायाम घरातही जमतात. ‘न’ म्हणताना जीभ जिथे टेकते तिथे टेकवून ठेवायची, ओठ मिटायचे, दात सुटे. जीभ तिथून न काढता तोंड जेवढं सावकाश उघडेल तेवढं उघडायचं आणि मिटायचं, पाच-सहा वेळा, दिवसातून काही वेळा. संध्याकाळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं दोन्ही कानशिलांवर आणि गालफडांवर पंधरा मिनिटं. दुखणं जोरात असताना आठ-पंधरा दिवस भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून खायची. ऊस, फुटाणे, च्युइंगम बंद. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची. दात सुटे ठेवायची आठवण राहत नाही, म्हणून काही फिजिओथेरपिस्ट मोबाइलच्या पाठीला किंवा मोटारसायकलच्या आरशाला रंगीत टिकली चिकटवायला सांगतात. दिसली की दात सोडायचे. कपाळावरची टिकली आरशाच्या कडेला लावायची सवय घराघरात असल्यामुळे हे आपल्याकडे विनासायास जमेल.

काही डोकेदुख्या मात्र व्यायामाची वाट बघत नाहीत. पन्नाशी उलटल्यावर कानशिलाची नवीनच डोकेदुखी सुरू झाली, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते, आणि घास चावता चावता जबडा थकून थांबावं लागतं, तर ती कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते. हा आजार आपल्याकडे कमी आढळतो, पण दृष्टी जाऊ शकते, म्हणून रक्ततपासणी आणि औषध त्याच दिवशी लागतं. श्रम केल्यावर जबड्यात येणारी आणि बसल्यावर थांबणारी कळ हृदयाची असू शकते. पायाला खिळा किंवा काटा लागल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसायला लागली तर धनुर्वात. अचानक, आयुष्यातली सर्वांत भयंकर अशी डोकेदुखी, ताप आणि ताठ मान, हातापायातली शक्ती जाणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही असेल तर जबड्याचा विचारही करू नये, वाहन काढावं. आणि गालावर विजेसारखी सणक, काही सेकंदांची, दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच येणारी, ही मज्जातंतूची. तिच्यासाठी चांगल्या दाढा उपटून घेतलेली माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतात.

बाकीच्यांनी डॉक्टरकडे जाण्याआधी चार आठवडे एक काम करावं. घरात भिंतीवर कालनिर्णय असतंच, आणि त्यावर दुधाच्या लिटरची नोंद करायची सवयही असते. त्याच चौकोनात डोकं दुखलं त्या दिवशी एक फुली, गोळी घेतली तर फुलीला गोल, आणि त्या दिवशी जबडा दुखला, अडकला किंवा चावताना त्रास झाला तर शेजारी ‘ज’. महिना संपला की पान फाडून सोबत न्यायचं. फुल्या किती, गोल किती, ‘ज’ फुल्यांच्या बरोबरीने येतात की वेगळ्या दिवशी, हे डॉक्टरला टेबलावर पान उलगडताच दिसतं.